कोमाक्यो: पो नदीच्या खाऱ्या मुखाशी पाच दिवस

पहिला दिवस: फेर्रारातून उतार

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कोमाक्यो या गावाला रेल्वे जात नाही. बोलोन्या किंवा व्हेनिसहून गाडीने फेर्रारा गाठायचं आणि पुढचे पन्नासेक किलोमीटर बसने जायचं, हा सोपा मार्ग. बसला साधारण सव्वा तास लागतो. तिकीट आधी काढून ठेवावं आणि आत शिरताच यंत्रात टोचून घ्यावं, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड भरावा लागतो. रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून प्रवास शनिवारी संध्याकाळी सुरू करू नये.

फेर्रारात उतरल्यावर लगेच बस पकडण्याची घाई मात्र नको. कोमाक्योच्या आधीचं गाव इथल्या संग्रहालयात आहे. त्याचं नाव स्पीना. ख्रिस्तपूर्व 6व्या शतकाच्या उत्तरार्धात एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या इटलीतल्या लोकांनी पो नदीच्या एका फाट्याच्या मुखाशी हे बंदर वसवलं. ग्रीसहून चित्रांकित मडकी यायची, इकडून धान्य जायचं. ख्रिस्तपूर्व 3ऱ्या शतकापर्यंत नदीने आणलेल्या गाळाने किनारा पुढे सरकला, बंदर समुद्रापासून तुटलं आणि गाव संपलं. पुढची दोन हजार वर्षं त्याचं नाव फक्त जुन्या लेखकांच्या ग्रंथांत उरलं. 1922 साली कोमाक्योजवळची वाल्ले त्रेब्बा ही दलदल शेतीसाठी कोरडी करताना खंदकात थडगी लागली. 1950च्या दशकात वाल्ले पेगा उपसली तेव्हा आणखी सापडली. मिळून चार हजारांहून अधिक. खुद्द वस्तीची जागा 1956 मध्ये विमानातून काढलेल्या छायाचित्रांत दिसली. बुजलेल्या कालव्यांवरचं गवत वेगळ्या रंगाचं उगवलं होतं आणि त्या रेषांनी गावाचा आराखडाच उमटवला होता.

हे सगळं पालाझ्झो कोस्ताबिली या वाड्यातल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. सोमवार टाळा. दोन तास हाताशी ठेवा आणि एकाच खोडातून कोरलेल्या दोन लांब होड्या चुकवू नका. त्या स्पीनाच्या बऱ्याच नंतरच्या, पण या प्रदेशात माणसं कशी वावरायची हे त्या लगेच सांगतात.

बस पूर्वेला निघाली की जमीन इतकी सपाट होत जाते की रस्त्याच्या कडेचा कालवा शेतापेक्षा उंचावरून वाहताना दिसतो. डोळ्यांचा भ्रम नाही तो. इथली बरीचशी शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत आणि पाणी उपसून कालव्यात चढवावं लागतं. त्याचं कारण चौथ्या दिवशी पाहू.

दुसरा दिवस: तेरा बेटांचं गाव

जुनं कोमाक्यो तेरा छोट्या बेटांवर वसलेलं आहे असं परंपरेने मानतात. मधले बरेच कालवे बुजवून रस्ते झाले, तरी मुख्य कालवे शाबूत आहेत. गाव तासाभरात पायी फिरून होतं, पण पाहायला अख्खा दिवस लागतो.

त्रेपोंतीपासून सुरुवात करा. 1634 मध्ये कार्डिनल पाल्लोत्ता यांच्या आज्ञेवरून वास्तुकार लुका दानेसे याने हा पूल बांधला. पुढून तीन आणि मागून दोन असे पाच जिने वर एकाच चौथऱ्यावर मिळतात, समोरच्या बाजूला दोन बुरूज आहेत. खाली कालव्यांचा संगम. समुद्राकडून येणारी प्रत्येक होडी इथूनच गावात शिरायची, त्यामुळे पूल म्हणजे गावाची वेसही होती. विटांच्या बांधकामाला इस्त्रियाचा पांढरा दगड लावलाय. पावसात या पायऱ्या निसरड्या होतात. सायकल किंवा चाकाची खुर्ची वर जाऊ शकत नाही, काठाकाठाने वळसा घ्यावा लागतो. पुलाजवळून बाताना नावाच्या सपाट तळाच्या होडीतून छोटी फेरी मारता येते. नावाडी वल्हं मारत नाही, लांब बांबूसारखा दांडा तळाच्या चिखलात रोवून होडी ढकलतो. पाणी किती उथळ आहे ते तेवढ्यावरून कळतं.

हे गाव श्रीमंत झालं ते मिठावर. 8व्या शतकात लोम्बार्ड राजा लिउतप्रांद याच्याशी कोमाक्योच्या लोकांनी केलेला करार उपलब्ध आहे. मिठाच्या होड्या पो नदीतून वर नेताना कुठल्या घाटावर किती जकात द्यायची, हे त्यात ठरवून दिलंय. व्हेनिस तेव्हा नुकतं उभं राहत होतं आणि त्याला मिठात भागीदार नको होता. 932 मध्ये व्हेनिसच्या सैन्याने कोमाक्यो जाळलं आणि लोकांना धरून नेलं. त्यानंतर हे गाव पुन्हा कधी व्हेनिसच्या तोडीचं झालं नाही. पुढे ते फेर्राराच्या एस्ते घराण्याकडे गेलं, 1598 पासून पोपच्या राज्यात आलं. आज दिसणारं गाव मुख्यतः या पोपच्या काळातलं आहे: पूल, 1621 सालची धान्याची ओसरी, कॅथेड्रल आणि कापुचिनी भिक्षूंच्या चर्चकडे नेणारी लांबलचक कमानींची ओसरी.

18व्या शतकातल्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत 2017 पासून प्राचीन त्रिभुज प्रदेशाचं संग्रहालय आहे. तिथला रोमन जहाजाचा माल निवांत पाहावा. 1980 मध्ये गावाजवळचा एक कालवा उपसताना हे जहाज सापडलं. ख्रिस्तपूर्व 1ल्या शतकाच्या अखेरीचं, फळ्या दोरीने शिवलेल्या, लांबी एकवीसेक मीटर. स्पेनच्या खाणीतल्या शिशाच्या 102 विटा त्यात होत्या. काहींवर सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याच्या नावाचा छाप आहे. जहाजाचा काळ ठरवायला हा छाप फार उपयोगी पडला, कारण अग्रिप्पा ख्रिस्तपूर्व 12 मध्ये वारला. शिवाय मद्याचे रांजण, लाकडाचे ओंडके, चामड्याच्या वस्तू आणि शिशाची हातभर सुद्धा नसलेली देवळं. हवा न लागणाऱ्या चिखलात बुडाल्यामुळेच चामडं आणि दोर टिकले.

दुपारी कमानींच्या ओसरीलगतच्या मानिफात्तुरा देई मारिनाती या जुन्या कारखान्यात जावं. इथे ईल मासा भाजून सिरक्यात मुरवत. 1992 मध्ये कारखाना बंद पडला, 2004 मध्ये संग्रहालय म्हणून उघडला आणि हंगामात काम पुन्हा सुरू झालं. भट्टीच्या दालनात एका ओळीत 12 चुली आहेत. कोकणातल्या वामेची आठवण करून देणाऱ्या या माशाचं डोकं आणि शेपूट छोट्या कुऱ्हाडीने उडवतात, मोठ्या माशाचे तुकडे करून लांब लोखंडी सळईत ओवतात. सळया लाकडाच्या जाळासमोर फिरवत राहायच्या. मासा विलक्षण तेलकट असतो. जाळ मोठा झाला तर कातडी करपते आणि आतली चरबी तशीच राहते, मग मुरवलेला मासा लवकर खवट होतो. म्हणून मंद आंच आणि धीर. गळणारी चरबी खालच्या पन्हाळीत जमते. मासा पूर्ण गार झाला की डब्यात किंवा लाकडी पिंपात रचायचा, वर पांढऱ्या वाइनचा सिरका, पाणी, समुद्राचं मीठ आणि तमालपत्राच्या जातीची लॉरेलची पानं. गरम मासा भरला तर सिरका गढूळ होतो. घरी न्यायला डबे मिळतात. उघडल्यावर संपूर्ण निथळून, थंडच खायचा.

संध्याकाळच्या जेवणाला ताजा ईल निखाऱ्यावर भाजलेला मागवा, सोबत मक्याच्या पिठाचा पोलेंता येतो. वाइन फोर्ताना द्राक्षाची. या वेली किनाऱ्याच्या वाळूत वाढतात. युरोपभर द्राक्षबागा खाणारी फायलोक्सेरा कीड वाळूत तग धरत नाही, त्यामुळे इथल्या वेलींना परक्या मुळांवर कलम करावं लागलं नाही. शाकाहारी असाल तर काप्पेल्लाच्ची दी झुक्का, म्हणजे लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मागवा, आणि मागतानाच बुर्रो ए साल्व्हिया म्हणा. लोणी आणि सेजची पानं असा त्याचा अर्थ. नुसतं नाव घेतलं तर वर मांसाचा रस्सा घालून आणतात.

तिसरा दिवस: वाल्ली

या गावाची ओळख व्हायला पाण्यावर जायलाच हवं. इटालियनमध्ये वाल्ले म्हणजे दरी, पण या किनाऱ्यावर वाल्ली म्हणजे बांध घालून अडवलेलं खारं, उथळ पाणी. आपल्याकडचा खाजण हा शब्द त्याच्या जवळ जातो. आज उरलेल्या वाल्ली सुमारे 11,000 हेक्टर आहेत. बहुतेक ठिकाणी पाणी कमरेच्याही खाली.

होडी सुटते ती गावाच्या दक्षिणेला पाचेक किलोमीटरवरच्या स्ताझिओने फोचे इथून. फेरी साधारण दोन तासांची असते, वसंत ते शरद चालते, आणि सुट्टीच्या दिवशी आधी जागा राखून ठेवावी लागते. सायकलने जाणं सर्वांत सोपं. टोपी, पाणी आणि डासांसाठी मलम बरोबर घ्या. संध्याकाळी बांधावर अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून उभं राहवत नाही. वाटेत कासोनी लागतात, म्हणजे पाण्यातच बांधलेली मच्छीमारांची लांबट घरं. हंगामात कामगार महिनोन्‌महिने इथे राहायचे. मासे कंपनीचे किंवा सरकारचे, म्हणून पहारेकऱ्यांच्या वेगळ्या झोपड्या. कोमाक्योचे गरीब लोक रात्री त्रिशूळासारखा भाला घेऊन चोरून मासे मारायचे. त्यांना फिओचिनीनी म्हणत. चोर आणि पहारेकरी बहुधा एकाच गल्लीतले असत.

आता लाव्होरिएरो. कोमाक्योचं अर्थकारण शतकानुशतकं या एका सापळ्यावर उभं होतं, म्हणून तो नीट समजून घ्यावा.

ईल जन्मतो सार्गासो समुद्रात, अटलांटिकच्या पलीकडच्या भागात. काचेसारखी पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर युरोपच्या किनाऱ्याला लागतात आणि हिवाळ्याच्या शेवटी ते वसंतापर्यंत गोड्या पाण्याचा माग काढत आत शिरतात. त्या वेळी वाल्लीच्या उघाड्या, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, मोकळ्या ठेवायच्या. पिल्लं आत आली की वर्षानुवर्षं तिथेच वाढतात. पूर्ण वाढ झाली की पोट चंदेरी होतं, डोळे मोठे होतात, खाणं थांबतं, आणि शरदात मासा समुद्राकडे परत निघतो. निघतो तोही काळोख्या, वादळी रात्री, समुद्राचं पाणी जोर करून आत येऊ लागलं की. नव्या खाऱ्या पाण्याची चव लागताच तो त्या प्रवाहाच्या विरुद्ध पोहू लागतो.

मच्छीमार नेमकं हेच करायचा: योग्य रात्री उघाडी उघडून समुद्राचं पाणी आत घ्यायचं. उघाडीकडे जाणाऱ्या कालव्यात बोरूच्या दाट कुडाचे, टोक समुद्राकडे असलेले बाणासारखे कप्पे एकामागून एक रोवलेले. मासा पहिल्या कप्प्याच्या निमुळत्या टोकातून आत घुसतो, परत फिरायची वाट त्याला सापडत नाही. बोय आणि इतर मासे बाहेरच्या कप्प्यातच अडकतात. ईल मात्र अंग चोरून बारीक फटीतून पुढे सरकतो आणि शेवटच्या कप्प्यात जमा होतो. म्हणजे मासे हात न लावता आपोआप निवडले जातात. आज कुडाच्या जागी काँक्रीट आणि धातूच्या जाळ्या आहेत, रचना तीच.

यात बिघडतं काय, तेही पाहू. उघाडी पौर्णिमेच्या उजेडात किंवा शांत हवेत उघडली तर मासा हलत नाही. कुड एका जागी सुटला तर रात्रीचा सगळा मासा निघून जातो. कडाक्याच्या थंडीत उथळ पाणी गोठून मासे मरतात. उन्हाळ्यात वारा पडला आणि पाणी तापलं की तळाचा प्राणवायू संपतो, तेव्हाही मरतात. शिवाय काही मोजक्या रात्रींत प्रचंड मासा हाती यायचा. जिवंत ठेवायला वेताच्या मोठ्या टोपल्या पाण्यात बुडवून ठेवत, वाहतुकीला मारोत्ता नावाची, बुडाला भोकं असलेली होडी वापरत. तरी उरलेल्या माशाचं काय करायचं, याचं उत्तर म्हणजे काल पाहिलेल्या 12 चुली.

युरोपातला ईल आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. पिल्लं यायचं प्रमाण गेल्या काही दशकांत कोसळलंय आणि 2007 पासून युरोपीय संघाचा संरक्षणाचा कायदा लागू आहे. त्यामुळे लाव्होरिएरोत आलेल्या मोठ्या माद्यांपैकी काही आता पुढे समुद्रात सोडल्या जातात. ज्या दारावर त्यांना अडवत, त्याच दारातून. ताटातला ईल कुठला, हे विचारायला संकोच करू नका. गावातल्या उपाहारगृहांत बाहेरून आणलेला, तळ्यात वाढवलेला मासाही असतो. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी ईलची जत्रा भरते. तेव्हा गर्दी खूप आणि खोल्या मिळत नाहीत.

परतताना मिठागर. सुमारे 600 हेक्टरचा पसारा, आजची मांडणी नेपोलियनच्या काळातली. 1984 मध्ये मीठ पिकवणं थांबलं. 2000 पासून इथे रोहित पक्षी घरटी करतात. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी गुलाबी रांग रस्त्यावरून दिसते.

चौथा दिवस: उपसलेली जमीन आणि पोंपोझा

आज गाडी भाड्याने घ्या. रोमेआ या किनाऱ्याच्या महामार्गावर ट्रकची वर्दळ फार, सायकल तिथे चुकूनही घालू नये.

नकाशावर पो नदीचा आजचा त्रिभुज प्रदेश कोमाक्योच्या बराच उत्तरेला दिसतो. पूर्वी नदी फेर्राराजवळून वोलानो आणि प्रिमारो या फाट्यांनी इकडे यायची. 1152 मध्ये फिकारोलो इथे बांध फुटला आणि मुख्य प्रवाह उत्तरेला गेला. 1604 मध्ये व्हेनिसने आपलं खाजण गाळाने भरू नये म्हणून पोर्तो व्हीरो इथे नदी कापून आग्नेयेला वळवली. नवा त्रिभुज प्रदेश तिथे वाढत गेला. इकडे नवा गाळ येईनासा झाला, जुना गाळ आणि कुजलेलं गवत दबत खाली बसत गेलं, आणि खारं पाणी पसरलं. वाल्लींचा जन्म असा झाला.

पोंपोझाचा मठ याच बदलात ओस पडला. 1026 मध्ये पवित्र केलेलं चर्च, 1063 मध्ये सुरू झालेला 48 मीटर उंच मनोरा, आत 14व्या शतकातली भित्तिचित्रं. मनोऱ्याच्या खिडक्या वर जाताना रुंद होत जातात, खालून मोजून पाहा. 11व्या शतकात ग्वीदो हा भिक्षू इथे होता. गायकांना सुरावटी पाठ करायला वर्षं लागतात हे पाहून त्याने रेघांवर स्वर लिहायची पद्धत बसवली. पाश्चात्त्य स्वरलेखन तिथून पुढे आलं. नदी हटली, हिवताप वाढला, आणि भिक्षू निघून गेले.

जवळच्या कोदिगोरोला पाणी उपसणारी मोठी केंद्रं आहेत. 1870च्या दशकात इंग्लिश भांडवल आणि वाफेचे पंप आणून इथलं काम सुरू झालं. तत्त्व साधं: उंच जमिनीचं पाणी वेगळ्या कालव्याने आपोआप वाहू द्यायचं, सखल जमिनीचं पाणी वेगळं गोळा करून पंपाने वर चढवायचं. दोन्ही एकत्र झाली तर सगळंच पाणी उपसावं लागतं.

परत येताना मेझ्झानोतून या. 1957 नंतर उपसलेली ही वाल्ली सुमारे 18,000 हेक्टर आहे आणि आत जवळजवळ कुणीच राहत नाही. सरळ रस्ते, शेतं, कालवे. पेट्रोल आणि पाणी आधीच भरून घ्या. माती कुजलेल्या वनस्पतींची आहे. पाणी काढल्यावर तिला हवा लागली, ती झिजू लागली, जमीन आणखी खचली, म्हणजे पंपांना आणखी खोलातून उपसावं लागतं. कोरड्या उन्हाळ्यात ही माती जमिनीखाली धुमसतेही. धूर दिसला तर शेताच्या कडेला गाडी उभी करू नका. कोदिगोरोच्या शेजारच्या योलांदा दी साव्होइयाच्या हद्दीत इटलीतली सर्वांत सखल जागा आहे, समुद्रसपाटीच्या 3.44 मीटर खाली.

पाचवा दिवस: दक्षिणेकडे, सेनियोपर्यंत

वाल्लींना वळसा घालून अनीता या खेड्याकडे या. सायकल असेल तर इथून आर्जिने देल्यी आंजेली या बांधावरून दोन्ही बाजूंना पाणी ठेवत सांत आल्बेर्तोकडे जाता येतं. पक्ष्यांच्या विणीच्या काळात तो बंद असू शकतो, निघण्याआधी चौकशी करा. रेनो नदी तारेवर ओढल्या जाणाऱ्या तरीतून ओलांडायची. हे पात्र मुळात पोच्या प्रिमारो फाट्याचं, रेनो त्यात 18व्या शतकात वळवली.

खेड्याचं नाव इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गारिबाल्दीची पत्नी अनीता हिच्यावरून. रोमचं प्रजासत्ताक पडल्यावर ऑगस्ट 1849 मध्ये गारिबाल्दी होड्यांनी व्हेनिसला निघाला. ऑस्ट्रियन नौदलाने गाठलं, तो कोमाक्योच्या मान्याव्हाक्का बंदराजवळ उतरला आणि गावकऱ्यांनी त्याला वाल्लींतून लपवत नेलं. गरोदर आणि तापाने फणफणलेली अनीता 4 ऑगस्टला मांद्रिओलेच्या एका शेतघरात वारली. ते घर आजही पाहता येतं. मान्याव्हाक्काचं नाव 1919 मध्ये पोर्तो गारिबाल्दी झालं.

याच पाण्यावर 1 एप्रिल 1945च्या रात्री ब्रिटिश कमांडो होड्या घेऊन उतरले. पाणी इतकं कमी होतं की होड्या चिखलात रुतल्या आणि सैनिकांना त्या तासन्‌तास ओढाव्या लागल्या. हा मोठ्या चढाईचा आरंभ होता. मुख्य हल्ला 9 एप्रिलला दक्षिणेला सेनियो नदीवर झाला, आणि तिथे 8व्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्री होती.

लुगो आणि बान्याकाव्हाल्लो यांच्या मधून वाहणारी सेनियो पाहायला मुद्दाम जा. नदी अवघी 15 फूट रुंद, 4 ते 5 फूट खोल. पण दोन्ही काठांना 30 ते 35 फूट उंच मातीचे बांध. सपाट मुलखात पूर अडवायला शतकानुशतकं चढवलेले. जर्मनांनी हे बांध आतून पोखरून मोर्चे केले आणि आतल्या उतारावर सुरुंग पेरले. बांधावर चढून बघा: पाणी ओलांडायला काहीच नाही, चढ मात्र छातीवर येतो. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव 1/5 मराठा बटालियनच्या एका कंपनीचे निरोप्या होते. बरोबरची तुकडी जवळजवळ सगळी पडल्यावर त्यांनी पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांतून दोन जखमींना एकेक करून वाहून सुरक्षित आणलं. मग एकट्याने मशीनगनचे तीन मोर्चे संपवले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभे राहून शिवरायांचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते गावी परतले, 1984 पर्यंत जगले.

जे परतले नाहीत त्यांच्यापैकी अनेकांची नावं फोर्लीच्या भारतीय सैन्याच्या युद्धस्मशानभूमीत आहेत. लुगोहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. दहन झालेल्यांचं स्मारक वेगळं आहे, ते आतल्या बाजूला शोधा. नावं रेजिमेंटनुसार कोरली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या ओळीत शिंदे, जाधव, पवार ही आडनावं सापडायला वेळ लागत नाही. परतीची गाडी संध्याकाळची धरा, म्हणजे ती सगळी वाचून होतात.